एकच थरथर

तिचा राग तिच्या आधी खोलीत येतो, असं ऑफिसातले लोक म्हणायचे. उंची बेताची, आवाज बारीक, पण एकदा का बिनसलं की समोरचा कितीही मोठा असो, भीडभाड म्हणून नाही. त्यामुळे तिचं नाव पडलं लवंगी. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्याचा तिला राग येत नसे. बाकी जवळजवळ सगळ्याचा यायचा. लिफ्ट बंद पडली की यायचा, कुणी 'बघूया' म्हणालं की यायचा, आणि एखादी गोष्ट चालत नसताना ती चालते असं कुणी छातीठोक सांगितलं, तर मग काही विचारूच नका.

घरी मात्र ती ताई होती. धाकट्या भावाने तिला हाताचं एक नाव दिलं होतं: तर्जनी नाकाच्या शेंड्यावर टेकवायची, झालं. हिचा राग कायम नाकावर असतो, असं आई सारखी म्हणायची आणि त्याला समजावं म्हणून स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवायची. पोराने तेच नाव म्हणून उचललं. त्याचं सगळं बोलणं हातांनीच चालायचं. अगदी लहानपणी तापात त्याचे दोन्ही कान गेले होते.

तेव्हापासून भावाचे कान म्हणजे ताई. त्यांच्या घराला वरच्या मजल्यावर लाकडी जमीन होती. ती पाय आपटायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या बसलेल्या भावाच्या तळव्यांना ते कळायचं. एकदा आपटला म्हणजे जेवायला चल, दोनदा म्हणजे बाबा आले, आणि धडधड लावली म्हणजे काहीतरी फोडलंयस, लप. खालचे भाडेकरू वैतागून छताला काठी मारायचे, तेही भावाला तळव्यांतून कळायचं आणि तो खदखदून हसायचा. बाहेरच्या जगात मात्र हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि मग याला उत्तर का येत नाही म्हणून विचारत. दुकानदार त्याच्याशी बोलायचं सोडून हिच्याशी बोलत. मावशी डोक्यावरून हात फिरवून 'बिचारा' म्हणे. ताई त्या सगळ्यांशी भांडली. तिचा राग तिथेच, त्या वर्षांत, पोसला गेला.

पुढे भाऊ चित्रांना चौकटी करणाऱ्याच्या दुकानात लागला आणि काच कापण्यात त्याचा हात बसला. नंतर तो ज्या बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत गेला तिथे त्याच्या मागच्या बाकावर बसणारी मुलगी त्याने बायको करून आणली. ती पडदे शिवायची, घरीच. तिलाही ऐकू येत नव्हतं. दोघांचा संसार छान चालला होता. अडचण यायची ती दाराची. घंटा वाजवून वाजवून माणसं निघून जायची आणि पुढे भेटली की घुश्शात असायची.

ताई एव्हाना मोबाइलची ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत होती. तिने फावल्या वेळात भावासाठी एक ॲप लिहिलं. फोनने घरातले आवाज ऐकायचे, ओळखायचे, आणि प्रत्येक आवाजाला वेगळी थरथर द्यायची. कल्पना साधी, पण थरथर ठरवायला तिघांचा एक अख्खा रविवार गेला. वहिनी फोन पदराला बांधून घरभर कामं करत होती, आणि ताई एकेक नमुना लावून बघत होती. हा डास बसल्यासारखा वाटतो, नको. हा कळतच नाही. हा गुदगुल्या करतो. शेवटी दारासाठी दोन छोटे ठोके ठरले, धुराच्या भोंग्यासाठी न थांबणारी थरथर ठरली, आणि बाळासाठी वहिनीने स्वतः एक निवडला: एक लांब, मग तीन बारीक, मग परत एक लांब. बाळ तेव्हा अजून पोटात होतं. ती थरथर तिने पुन्हा पुन्हा लावून घेतली आणि फोन पोटाला लावून बसली.

फोन असतात दोन प्रकारचे, आणि दोघांची भाषा निराळी. ताईने एका प्रकारासाठी एक ॲप लिहिलं आणि दुसऱ्यासाठी दुसरं, दोन्ही स्वतंत्र, हाताने. कंपनीच्या मालकांना ते आवडलं. त्यांनी ते कंपनीच्या नावाने बाजारात ठेवलं, आणि बघता बघता कुठल्या कुठल्या गावांतली बहिरी माणसं ते वापरायला लागली. भेटायला आलेल्या पाहुण्यांना मालक ते ॲप आवर्जून दाखवायचे. ताईला तेव्हा कुणी रागावलेली पाहिली नव्हती, म्हणजे त्या ॲपपुरती.

मग नवे साहेब आले. माणूस नीटनेटका, हसतमुख, आवाज कधी चढायचा नाही. त्यांना 'एकच' हा शब्द फार प्रिय. एकच टीम, एकच दिशा, एकच कोड. आठवडाभरात त्यांचंही नाव पडलं: एकच साहेब. त्यांचं म्हणणं असं, की दोन प्रकारच्या फोनसाठी एकच ॲप दोनदा लिहायचं हा जुना खुळचटपणा झाला. आता अशी साधनं निघाली आहेत की एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. ताईचं त्याला सरसकट वाकडं नव्हतं. पार्किंगची जागा राखायचं ॲप असेल, बातम्यांचं असेल, तर ती स्वतःच त्या साधनात लिहिती. पण हे ॲप म्हणजे सगळा फोनच्या अंगाशी खेळ होता. त्याचा माइक, त्याच्या पोटातली ती इवलीशी मोटर, आणि मुख्य म्हणजे स्क्रीन बंद असताना जागं राहणं. ते दोन्ही फोनांत सारखं नसतंच.

साहेबांनी बैठकीत भिंतीवर एक तक्ता झळकावला. साधन बनवणाऱ्यांचाच तक्ता होता तो. कॅमेऱ्यापुढे दोन्ही रकान्यांत हिरवी खूण, नकाशापुढे हिरवी खूण, थरथरीपुढेही हिरवी खूण. ताईने हात वर केला.

"सर, ही खूण म्हणजे नक्की काय? फोन हलतो, एवढंच? की आपण सांगू तसा हलतो? आणि स्क्रीन बंद असली तर?"

"सपोर्ट आहे म्हणजे आहे," साहेब हसून म्हणाले. "खूण दिसतेय ना?"

तिने विचारलं, कुणी फोन हातात घेऊन पाहिलंय का. कुणी पाहिलं नव्हतं. तिने सांगितलं, दोन्ही फोनांत मिळून जेवढं सारखं जमतं तेवढंच ही साधनं देतात, आणि आपल्याला हवं ते नेमकं त्याच्या पलीकडचं आहे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ते ॲप तिच्याकडून काढून दुसऱ्या दोघांना दिलं. तुमचा यात जीव गुंतलाय, म्हणाले, कामाला थोडं अंतर हवं. तिच्या वाट्याला पार्किंगचं ॲप आलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागात तिने ठरवलं, की नव्या ॲपकडे ढुंकूनही बघायचं नाही. करा म्हणावं काय करायचं ते. ती गाड्यांच्या जागा रंगवत बसली. नवं ॲप तयार झालं, चाचणीच्या दिवशी सगळ्यांनी फोन टेबलावर ठेवून थरथरताना पाहिले, टाळ्या वाजल्या, आणि एके सकाळी ते सगळ्यांच्या फोनात आपोआप जाऊन बसलं. भावाच्याही, वहिनीच्याही.

त्याच आठवड्यात ते घडलं. दुपारची वेळ होती. बाळाला दात येत होते, रात्रभर कुणाला झोप नव्हती. वहिनीने बाळाला दांड्यांच्या कठड्याच्या लाकडी खाटल्यात ठेवलं, फोन उशीखाली सरकवला, जसा रोज सरकवायची, आणि आडवी झाली. तिला लागली गाढ झोप. बाळ जागं झालं आणि लोळता लोळता त्याचा पाय खाटल्याच्या दोन दांड्यांमध्ये अडकला. ते रडलं. रडून रडून घसा बसला तरी रडत राहिलं. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं, येऊन दाराची घंटा वाजवली, दार बडवलं, कुणी उघडेना. शेवटी त्या तशाच चपला पायात सरकवून चौकटीच्या दुकानात गेल्या आणि भावाला हाताला धरून ओढत घेऊन आल्या. त्याने दार उघडलं तेव्हा वहिनी झोपलेलीच होती, एक हात उशीखाली, फोनवर. बाळाचा पाय सुजून लाल झाला होता. मोडला नव्हता, पण ते कळायला दवाखान्यापर्यंत जावं लागलं, आणि तोवरचा वेळ कसा गेला ते त्या दोघांनाच ठाऊक.

फोनची स्क्रीन उघडली तेव्हा तिच्यावर शब्द येऊन बसले होते: बाळ रडत आहे. फोनने ऐकलं होतं. ओळखलंही होतं. फक्त हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाऊ ताईच्या ऑफिसात आला. याआधी तो तिथे कधी आला नव्हता. काचेच्या भिंतींची एक छोटी खोली होती, तिथे ती त्याला घेऊन गेली. बाहेर बसलेल्यांना वाटलं, दोघं शांतपणे काहीतरी बोलत असतील. मग त्यांना त्याचे हात दिसले. एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर अशी आपटत होती, की काचेबाहेर चपराकी ऐकू येत होत्या.

"तू बनवलंस," तो हातांनी म्हणाला. "तू सांगितलंस झोप खुशाल. ती झोपली."

ताईने सांगायचा प्रयत्न केला, की हे नवं तिने बनवलेलं नाही, तिच्याकडून काढून घेतलं होतं.

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

 रुसून बसले होते, हे हातांनी कसं सांगायचं, ते तिला येत असूनही तिने सांगितलं नाही. भाऊ पुढे म्हणाला, की त्याच्या सासूबाई बॅग घेऊन आल्या आहेत. दोन बहिऱ्यांच्या हाती लेकरू ठेवणं म्हणजे गुन्हा आहे, त्या म्हणतात. बाळ चार वर्षांचं होईपर्यंत आपल्याकडे नेणार म्हणतात. बायको काल दुपारपासून एक अक्षर बोललेली नाही, हात मांडीवर ठेवून बसून आहे. आणि हे बघ, म्हणून त्याने फोन पुढे केला. त्याने कंपनीला तक्रार पाठवली होती. तिकडून उत्तर आलं होतं: कृपया आपल्या फोनची सेटिंग्ज तपासा.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याचा फोन घेतला, लॅपटॉपवर आवाज लावले, आणि पहिल्यांदाच ते नवं ॲप हाताळून पाहिलं. दाराची घंटा लावली. फोनने एक झटका दिला. बाळाचं रडणं लावलं. तोच झटका. धुराचा भोंगा लावला. तोच. वहिनीने पोटाला लावून निवडलेली ती लांब आणि बारीक थरथर कुठेच नव्हती. मग तिने स्क्रीन बंद केली आणि परत बाळ रडवलं. फोन टेबलावर दगडासारखा पडून राहिला. तिने तळहात वर ठेवून पाहिलं. काही नाही. चाचणीच्या दिवशी सगळे फोन उघड्या स्क्रीनने टेबलावर ठेवले होते, आणि घंटेचा एकच आवाज लावला होता, हे तिला नंतर कळलं.

ती ॲपच्या कोडमध्ये शिरली. नवं ॲप थेट फोनच्या मोटरीशी बोलतच नव्हतं. मध्ये एक तयार जोडतुकडा होता, प्लगिन म्हणतात तसा, कुणीतरी लिहून जगाला फुकट दिलेला. एका प्रकारच्या फोनवर नमुने काढायला खटपट पडते, म्हणून त्या तुकड्याने दोन्हीकडे सरळ एकच झटका ठेवला होता. आणि भाऊ-वहिनी दोघांचे फोन ज्या प्रकारचे, त्यांचा नियम असा, की स्क्रीन बंद असताना कुठल्याही ॲपने उगाच फोन हलवू नये. हलवायचाच तर आधी सांगावं, की हा गजर आहे. ताईच्या जुन्या ॲपमध्ये ती ओळ होती. या तुकड्यात नव्हती.

तिने त्या तुकड्याच्या पानावर जाऊन लिहिलं. जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की तुला लाज वाटायला हवी, तुझ्या हिरव्या खुणेवर विसंबून एक आई झोपली होती.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. लिहिणारा कुठल्या तरी दूरच्या गावात एका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करत होता. त्याने लिहिलं होतं, की बाळाचं वाचून मी हादरलो. पण मी हा तुकडा माझ्या मुलीच्या फाशांच्या खेळासाठी लिहिला होता. फासा पडला की फोन हलावा, एवढ्यासाठी. स्क्रीन बंद करून फासे कोण टाकतं? माझ्याकडे एकाच प्रकारचा फोन आहे, दुसऱ्या प्रकारचं कुणीतरी लिहून पाठवलं, मी ते कधी चालवून बघू शकलो नाही. त्या तक्त्यातली हिरवी खूण मी लावलेली नाही. मला कुणी विचारलंही नाही.

ताईने ते परत वाचलं. फाशांचा खेळ. जगभरची बहिरी माणसं ज्याच्या भरवशावर डोळे मिटत होती, ते एका पोरीच्या फाशांवर उभं होतं. तिला हसू आलं, आणि हसू येतंय याचा राग आला. तिने त्याला दोनच वाक्यं लिहिली: माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला. बरोबर पत्ता माझ्या समोरच्या केबिनमध्ये आहे.

सकाळी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली, दार उघडंच ठेवलं. तक्रारींना उत्तरं देणारी मुलगी दाराशीच बसायची. तिने नंतर सगळ्यांना सांगितलं, की लवंगीचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. ताईने जे घडलं ते सांगितलं, का घडलं ते सांगितलं, आणि एकच मागितलं: आज, आत्ता, जुनी दोन्ही ॲप परत लावा. नवं नीट झालं की आणा.

साहेब म्हणाले, त्यांना फार वाईट वाटलं. बाळ आता बरं आहे ना, हेही विचारलं. पण मागे जाणं कठीण आहे. पुढच्या आठवड्यात मोठ्या लोकांसमोर या नव्या पद्धतीची घोषणा आहे, अशा वेळी जुनं परत लावलं तर कंपनीचं हसं होईल. पुढच्या अपडेटमध्ये बघूया.

"तोपर्यंत त्यांनी काय करायचं?" ताईने विचारलं.

 साहेब म्हणाले, "हे बघा, खरं सांगायचं तर तान्ह्या बाळासाठी फोनवर विसंबायलाच नको. तसं आपण अटींमध्ये लिहिलंय. अशा आईवडिलांनी घरात ऐकू येणारं कुणीतरी ठेवायला हवं."

सासूबाईंचेच शब्द, फक्त इस्त्री केलेले.  ताई उठली, आपल्या टेबलाशी गेली, आणि बसली. जुनी ॲप लोकांच्या फोनांत पाठवायची किल्ली सुरुवातीपासून तिच्याच खात्यात होती. काम काढून घेताना ती काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने दोन्ही जुन्या ॲपांना नवा क्रमांक दिला, कशासाठी पाठवतोय त्या जागी लिहिलं, 'थरथर परत आणली आहे', आणि पाठवून दिली. मग ती परत केबिनमध्ये गेली आणि काय केलं ते सांगितलं.  साहेबांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. कुणाच्या परवानगीने, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, कुणाच्याच नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या आत तिला कार्ड जमा करून जायला सांगण्यात आलं. मालकांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, तिचं दुःख त्यांना कळतं, पण शिस्त म्हणून काही असते. तिने विचारलं, मग जुनं ॲप काढून टाकणार का. त्यांनी विषय बदलला. सकाळपासून एवढ्या लोकांचे आभाराचे निरोप येत होते, की काढायची हिंमत कुणाची होत नव्हती. तिला काढलं आणि तिचं काम ठेवलं. ही गोष्ट तिला पुढे कितीतरी महिने जेवताना, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना मध्येच आठवायची आणि ती मध्येच थांबून दात-ओठ खायची.

कार्ड जमा करून ती तडक भावाकडे गेली. घरात सासूबाई बाळाचे कपडे घडी करून बॅगेत भरत होत्या. ताईला बघून म्हणाल्या, बरं झालं आलीस, आता तूच यांना समजाव. वाईट बाई नव्हत्या त्या. घाबरल्या होत्या, आणि घाबरलेली माणसं बॅगा भरतात. ताईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण तेवढ्यात वहिनी उठली. तिने आईच्या हातातलं झबलं काढून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. सासूबाईंना हातांची भाषा जेमतेम यायची, म्हणून प्रत्येक वाक्य सावकाश, दोनदा.

"मी लहानपणी जिन्यावरून पडले. हनुवटी फाटली. तू न्हाणीघरात होतीस. नळ चालू होता. तुला ऐकू आलं नाही."

सासूबाई बघत राहिल्या.

"तुझे कान चांगले होते. मला कुणी नेलं का तुझ्याकडून?"

 भाऊ बायकोकडे असा बघत होता जसं तिला आत्ताच पहिल्यांदा पाहतोय. सासूबाई खाली बसल्या, थोडं रडल्या, मग झबली एकेक करून परत कपाटात ठेवायला लागल्या. ठेवता ठेवता पुटपुटल्या, निदान घडी तरी नीट करत जा. त्या आणखी आठवडाभर राहिल्या आणि मग आपल्या घरी गेल्या, बॅगेत फक्त स्वतःचे कपडे घेऊन.

ताई बेकार होती त्या काळात तिने आणि त्या फाशांवाल्याने मिळून तो जोडतुकडा पहिल्यापासून लिहून काढला. त्याच्याकडे नसलेला फोन तिने स्वतःचा जुना पुसून-पासून पोस्टाने पाठवला. दोघांची वादावादी रोज व्हायची. त्याला सगळं सोपं ठेवायचं होतं, तिला काहीही खोटं सांगायचं नव्हतं. एका प्रकारच्या फोनवर स्क्रीन बंद असताना मनासारखा नमुना निघतच नाही, फोनच निघू देत नाही. तिच्या जुन्या ॲपने तिथे सूचनेच्या झटक्यांची संख्या कमीजास्त करून कशीबशी वेळ मारून नेली होती. मग तसंच स्पष्ट लिहू, ती म्हणाली, की इथे होत नाही. त्या साधनवाल्यांशी ती तक्त्यावरून भांडली, इतकी की त्यांनी कंटाळून थरथरीपुढची हिरवी खूण काढली आणि तिथे खरं काय ते तीन ओळींत लिहिलं. कोणत्या फोनवर, स्क्रीन उघडी असताना काय, बंद असताना काय. बाकीच्या खुणा तशाच राहिल्या. त्या किती खऱ्या आहेत, कुणास ठाऊक.

नोकरी तिला उशिरा मिळाली. पहिल्या ठिकाणी त्यांनी विचारलं, जुन्या जागेवरून का निघालात, आणि तिने खरं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणीही सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी, रुग्णालयांची यंत्रं बनवणाऱ्यांकडे, तिला ठेवून घेतलं. काही महिन्यांनी तक्रारींना उत्तरं देणाऱ्या मुलीने तिला कळवलं, की एकच साहेबांनी त्या नव्या जोडतुकड्यावर ॲप परत बांधून घेतलं. ते चांगलं चालतं. घोषणेत लिहिलं होतं, 'आमच्या टीमच्या अथक प्रयत्नांतून'. ताईने ते वाचलं, फोन पालथा घातला, आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

पण तिला जास्त लागलं ते वहिनीचं. वहिनीने ॲप ठेवलं, वापरतेही, पण एकट्या त्याच्यावर आता विसंबत नाही. तिने सांगितलं, की प्रत्येक खोलीत दिवा हवा, बाळ रडलं की उघडझाप करणारा, सरळ भिंतीतल्या तारेवर चालणारा, ज्याला कुणी दुरून अपडेट पाठवू शकणार नाही. ताईला ते झोंबलं. आपलं ॲप पुरेसं नाही, हे तिला तोंडावर सांगितल्यासारखं वाटलं. तिला राग आला, आणि राग आला म्हणूनच ती सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन स्वतः ते दिवे लावायला गेली.

स्टुलावर चढून ती भिंतीला भोक पाडत होती. वहिनी खाली बॅटरी धरून उभी होती, भाऊ बाळाला कडेवर घेऊन बघत होता. भिंत कडक निघाली, खिळा वाकला, मग दुसरा वाकला, मग तार निसटून कपाटामागे पडली. ताईने भिंतीला शिव्या द्यायला सुरुवात केली. भिंतीवरून बिल्डरवर गेली, बिल्डरवरून साहेबांवर, साहेबांवरून मालकांवर, आणि कुणाला ऐकू जातंय इथे, म्हणून मोकळ्या गळ्याने, एकापेक्षा एक. भावाने पुढे येऊन तिच्या पायावर थाप मारली. तिने खाली पाहिलं.

त्याने बाळाकडे बोट दाखवलं, मग बाळाच्या कानाकडे. "याला येतं ऐकू," तो हातानेच म्हणाला. "जरा बेतानं."

बाळ तिच्याकडे तोंड उघडून बघत होतं. ताईने ओठ मिटले, नवा खिळा घेतला, आणि उरलेल्या शिव्या मनातल्या मनात देत परत भिंतीला लागली.